कुणालाही सुचलं असतं

पंखा गरगरत होता तरी हौशीरामला दरदरून घाम फुटला होता. शिरूरच्या त्याच्या वर्कशॉपमधली मशिनं आज बंद. टेबलावर लॅपटॉप, शेजारी वकील प्रगतीताई, मागं बायको सविता. हायकोर्टाची सुनावणी ऑनलाइन होती.

जनावरांचा चारा बारीक करणारं कडबा कुट्टीचं मशीन चाललं की थरथरतं, नट ढिले होतात. पार दौंडपर्यंत सगळे त्याखाली टायरचा तुकडा कोंबतात. हौशीरामनं लोखंडी वाटीत रबर बसवलं, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, ती वाटी मशीनच्या पायाखाली दिली आणि थरथर जागच्या जागी जिरली. पेटंट ऑफिस म्हणालं, यात नवं काय? हे कुणालाही सुचेल! म्हणून हे अपील. हेही गेलं, तर मोठे कारखाने तीच वाटी काढणार आणि याच्या वर्कशॉपला टाळं लागणार.

पण खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. कवठे येमाईला, त्याच्या गावानं, या वाटीसाठी त्याचा सत्कार केला होता. फेटा, शाल, नारळ! माइक हातात आल्यावर हा शहाणा काय बोलला? "यात माझं काय न्हाई मंडळी. कुणालाबी सुचलं असतं." टाळ्याच टाळ्या. आता सत्कारात माणूस दुसरं बोलतो का? पण त्याचा व्हिडिओ अजून मोबाइलवर फिरत होता, आणि भीतीपोटी त्यानं तो प्रगतीताईंपासून लपवला होता. सविताला तेवढं ठाऊक होतं.

झालं तेच. पेटंट ऑफिसच्या वकिलानं तोच व्हिडिओ लावला. प्रगतीताईंनी कपाळाला हात लावला.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्हीच ना? खरंच कुणालाही सुचलं असतं?"

हौशीराम लॅपटॉपकडं वाकला. सवयीनं तेच ओठांवर आलं, "साहेब, माझं काय..."

मागून सविता कडाडली, "अवो, खरं बोला की! रबर शिजवून माझी भांडी जाळलीत, डोकं धरून रडलात, त्या वक्ताला कुणाला का न्हाई सुचलं?"

"न्हाई साहेब," तो कसाबसा म्हणाला. "कुणालाच न्हाई सुचलं. मलाच सुचलं. सत्कारात मी खोटं बोललो."

निकाल राखून ठेवला. स्क्रीन काळी झाली. प्रगतीताई कागद गोळा करून निघून गेल्या.

"सविता, गावात कळलं तर? मलाच सुचलं म्हणालो गं मी! लोक काय म्हणतील?"

सवितानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "म्हणू द्या. तुम्ही पुन्यांदा म्हणा. मला नीट ऐकायचंय."

त्यानं आधी दाराकडं पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. मग हळूच म्हणाला, "मलाच सुचलं."