परत बोलावलेली सुकेळी

सुकेळ्यांची पुडी सोडली, की वाळल्या पानांच्या गोडसर वासाने बोळिंजचं आमचं अंगण आठवतं. आईच्या स्तनाचा एक्स-रे पुन्हा काढायचा म्हणून मुंबईच्या इस्पितळातून पत्र आलं होतं. "वाळत घातलेली केळी तेवढी बघा," असं बाबांना बजावून ती मला घेऊन निघाली. संध्याकाळी परतल्यावर म्हणाली, "काही नाही निघालं, पहिला फोटोच नीट आला नव्हता." बाबा ओट्यावर मटकन बसले. आईला काम पडू नये म्हणून त्यांनी अर्धी ओली केळीच पानांत बांधून टाकली होती. एकेक पुडी सोडत आई हसली, "उद्या या केळ्यांनाही परत बोलावलंय हो, उन्हात!" आज तशाच तपासणीनंतर मलाही 'परत या' म्हणून फोन आलाय. नवरा मटकन बसलाय, म्हणून पुडीतलं पहिलं सुकेळं त्याच्या हातावर ठेवलं.