साखरेचा डबा

द्वारकेतली आमची सोसायटी नवी होती, चारच घरांत माणसं होती, तेव्हा वरच्या मजल्यावरचे खगोलशास्त्रज्ञ जिन्यात तासभर बोलत उभे राहायचे. आता सगळे फ्लॅट भरलेत आणि त्यांचं बोलणं "अच्छा, येतो" एवढ्यावर आलंय. एकटेच राहतात. रविवारी मी भाजीचा डबा देते. रिकामा परत करू नये म्हणून ते त्यात चमचाभर साखर घालून आणतात.

मागच्या रविवारी विचारलं, "सध्या काय शोधताय?"

"एखादी आकाशगंगा इतर आकाशगंगांच्या दाट पुंजात शिरली, की तिथला तापलेला वायू तिचा वायू ओरबाडून नेतो. मधल्या कृष्णविवराला गिळायला फारसं उरत नाही. मग ते गप्प होतं."

"एवढ्या गर्दीत उपाशी?"

"बिल्कुल. गर्दीमुळेच."

आज डबा माझ्या दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला होता, लख्ख घासलेला. उघडला. आत साखर नव्हती.