अप्पांचं तिरकं काज

लग्न होऊन बंगळुरूला आले त्या पहिल्याच आठवड्यात एका रिक्षावाल्याने मला हुशार म्हटलं. निदान मला तसं वाटलं. बसवनगुडीच्या एका गल्लीत तो मान न वळवता ओरडला, "गुंडी इदे, हुषारु." माझी पुण्याची आजी बटणाला गुंडी म्हणायची. मी दचकून ब्लाउजकडे पाहिलं, पदर ओढून घेतला, आणि तेवढ्यात रिक्षा अशी आदळली की माझं डोकं वरच्या दांडीवर जाऊन आपटलं. टेंगूळ घेऊन घरी आले तेव्हा सासऱ्यांनी खुलासा केला. कन्नडमध्ये गुंडी म्हणजे बटणही आणि खड्डाही. हुषारु म्हणजे जपून. "तो बिचारा तुला खड्डा दाखवतोय, आणि तू गुंड्या चाचपत बसलीस," म्हणून ते पोट धरून हसले. पुढे कित्येक वर्षं आल्यागेल्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली, मराठीत, कन्नडमध्ये आणि समोरचा तसा असेल तर मोडक्या तमिळमध्येसुद्धा.

सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. घराणं इथलंच, किती पिढ्या झाल्या ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. त्यांचं मराठी ऐकून माझ्या माहेरचे लोक आधी गोंधळतात आणि मग हसू दाबतात. "स्वल्प चहा ठेव गे, सरी?" असं, म्हणजे जरा चहा ठेव, बरं का, असं ते म्हणाले की माझ्या आईला वाटायचं, हे चहा ठेवायला सांगतायत की नको म्हणतायत. अप्पा शर्टांचे टेलर होते. पँट नाही, सफारी नाही, ब्लाउज तर नाहीच नाही. फक्त शर्ट. दुकान बंद केलं तरी काळं पायमशीन त्यांनी घरी आणून हॉलमध्ये खिडकीशी मांडलं, आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे हे कळल्यापासून ते माझ्याकडे संशयाने पाहत आले. "मशीनचं शिकलीस म्हणे. मग सुईत दोरा ओव बघू." ओवला. त्यावर म्हणाले, "सरी. हे तर कुणीही करेल."

मग त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परतला, काठी घेऊन चालायला लागले, पण उजवा हात काही वळला नाही. जिभेला मात्र काही झालं नाही, आणि हे दैवाने आमच्यावर केलेले उपकार की सूड, ते आम्ही अजून ठरवतोय.

अडचण आली ती शर्टाची. डाव्या हाताने शर्ट अंगात चढवता येई, बटणं लावता येत नसत. माझा नवरा महादेवपुऱ्याला नोकरीला, ट्रॅफिकच्या भीतीने उजाडताच घर सोडणारा. तो जाताजाता घाईने त्यांची बटणं लावायचा, आणि बहुतेक वेळा एक घर चुकवायचा. दिवसभर अप्पांच्या शर्टाचं एक टोक वर, एक खाली. मी लावून दिली असती. दोन मिनिटांचं काम. पण सुनेने सासऱ्याच्या छातीवरची बटणं लावायची, हे त्यांना मरण वाटत होतं. मी एकदा नुसतं पुढे झाले तर त्यांनी काठी आडवी धरली. "अर्ध्या बंगळुरूला मी बटणं लावलीत. मला कुणी लावायची नाहीत."

टी-शर्ट आणले. "बनियनला कॉलर लावली म्हणून शर्ट होत नाही." चिकटपट्टीचा शर्ट आणला. काढताना टर्र असा आवाज झाला, तेव्हा म्हणाले, "कुत्र्याने धरल्यासारखं वाटतंय." बटण ओढून घ्यायचा तारेचा आकडाही मागवला. त्याने ते पाठ खाजवायला लागले.

आणि ते बाहेर पडेनासे झाले. इथे खरी कळ होती. आमच्या गल्लीच्या टोकाला उभ्याने खायचं एक दर्शिनी आहे. तिथे रोज सकाळी अप्पा आणि त्यांच्या दुकानासमोरचे टेलर अण्णा भेटत. अण्णा कन्नडिग, तेही शर्टांचेच. सबंध उमेदीत दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली, एकमेकांच्या कॉलरींना नावं ठेवली, आणि रोज एक बाय-टू कॉफी, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत, वाटून प्यायली. आता बटणं उघडी ठेवून किंवा कुत्र्याने धरलेला शर्ट घालून त्या माणसापुढे उभं राहायचं? अण्णा दोनदा घरी आले. दोन्ही वेळा अप्पा आतल्या खोलीत जाऊन झोपल्याचं सोंग घेऊन पडले. जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. मला टोमणा मारायचीही त्यांना उमेद राहिली नाही, आणि तेव्हा मात्र मी मनापासून घाबरले. हा माणूस असा खोलीतच विझून जाईल, ही भीती मला सकाळी उठल्यापासून छळायची.

एका रविवारी मी नवऱ्याचा शर्ट घातला, उजवा हात ओढणीने पाठीशी बांधला आणि आरशासमोर डाव्या हाताने बटणं लावायचा प्रयत्न केला. नवरा आंघोळ करून आला, मला त्या अवतारात पाहून आल्या पावली परत गेला. तीन बटणांत माझा घाम निघाला. मग मी तसंच माझा स्वतःचा शर्ट घालून पाहिलं, तर बटणं निम्म्या त्रासात लागली. कारण साधं होतं. बायकांच्या शर्टाला काजं उजव्या पट्टीवर असतात, पुरुषांच्या डाव्या. डाव्या हाताला उजवी पट्टी समोरून येऊन भेटते. आपली डावी धरायला मात्र मनगट मुरगळावं लागतं.

हे मी अप्पांना सांगितलं आणि घरात भूकंप झाला.  संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, "तुझी बायको मला ब्लाउज घालतेय." मग माझ्याकडे वळून, "पुरुषाच्या शर्टाला काज डावीकडे. उद्या म्हणशील, डोकं बाहीतून घाला."

बाजूचा प्रश्न मी गुंडाळून ठेवला आणि काज सैल करायच्या मागे लागले. अप्पांच्या मशीनला काजं करायचं एक लोखंडी जोडयंत्र होतं. सुईशेजारी बसवायचं, त्याचा एक दांडा सुईच्या स्क्रूत अडकवायचा. सुई वरखाली झाली की ते कापड पकडून आडवं हलवायचं, एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणून अप्पा त्याला खेकडा म्हणत. खेकड्याच्या पोटात दातेरी साचा असतो. साचा जेवढा, तेवढंच काज. डबीत शर्टाचा लहान साचा होता आणि कोटाचा मोठा. मधलं काही नव्हतं, कारण झटका आलेल्या टेलरचा विचार खेकडा बनवणाऱ्याने केलेला नव्हता.

मी आधी कोटाचा साचा घातला आणि त्यांच्या जुन्या शर्टावर लांब काजं पाडली. पहिल्या झटक्यात बटण आत. मी खूश. तेवढ्यात नवऱ्याने खुर्चीवर बसताना फळकूट मोडलं, अप्पा खूप दिवसांनी हसले, आणि पोट हलल्याबरोबर सगळी बटणं एकामागून एक बाहेर आली. ते खाली पाहून म्हणाले, "भोकं पाडायला इंजिनिअर झालीस होय?" मला राग यायला हवा होता. पण टोमणा परत आला होता, आणि मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

मग मी खरीच इरेला पेटले. मी पंपांचे भाग कॉम्प्युटरवर काढते. आमच्या ऑफिसात थ्री-डी प्रिंटर आहे, त्याच्यावर लोक गणपती आणि मोबाइलचे स्टँड छापतात. मी मधल्या मापाचा साचा छापला. प्लॅस्टिकचे दाते एका शर्टातच झिजले आणि खेकडा जागच्या जागी थरथरत बसला. शेवटी के. आर. पुरमला स्टेशनच्या मागे एका वर्कशॉपमधून तो पत्र्यात कापून आणला. कारागिराने विचारलं, "मॅडम, हे कशाचं?" म्हटलं, "सासऱ्यांचं." त्याने पुढे काही विचारलं नाही.

मधलं काज बरं झालं, तरी बटण हसताना सुटतच होतं. तेव्हा अप्पा खिडकीशी बसूनच म्हणाले, "तिरकं कर." कापड हाताने जरा फिरवलं की काज तिरकं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण हाताने फिरवलं तर प्रत्येक काजाचं तोंड वेगळीकडे. एक वर बघतंय, एक शेजाऱ्याकडे. म्हणून मी खेकड्याखाली एक तळपट्टी बसवली. तिच्या कडेला शर्टाची पट्टी टेकवली की दरवेळी तेवढीच तिरकी येणार. पहिल्यांदा ती मी उलट्या बाजूला तिरकी केली. अप्पा खाली बसले की शर्ट आपोआप उघडायचा. दूधवाली बाई दारात असताना तो उघडला, तेव्हा अप्पांनी अंगावर वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला. पट्टी उलटी करून लावली. आता बटण डाव्या बोटाने नुसतं ढकललं की शिरायचं, आणि ओढलं तर तिथेच अडून बसायचं.

म्हणजे आता अडलं होतं फक्त बाजूवर. काज डावीकडे ठेवलं तर दोन बटणांनंतर त्यांचं मनगट दमायचं. उजवीकडे घ्यायचं तर ब्लाउज. मी दोनदा विचारलं, दोनदा काठी आपटली. मी विचारायचं सोडून दिलं.

मग एके सकाळी अण्णा फाटकाशी आले. आत यायचं त्यांनी सोडलंच होतं. तिथूनच कन्नडमध्ये ओरडून सांगितलं की दर्शिनीवाला त्यांना अर्धी कॉफी देत नाही, सबंध घ्यावी लागते, आणि रोज निम्मी टाकावी लागते. एवढं सांगून ते गेले. कसा आहेस नाही, काय नाही. अप्पा पडद्यामागे उभे होते.  मग मशीनपाशी आले आणि डाव्या हाताने खेकड्यावरची धूळ पुसली. "शिव गे," ते म्हणाले. "उजवीकडे. पण कॉलर मी सांगेन तशी. कॉलर बिघडली तर तो मला जिवंत सोडायचा नाही."

कॉलरीपायी त्यांनी माझं डोकं खाल्लं. तीनदा उसवायला लावली. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा शर्ट झाला. सकाळी तो घेऊन ते खोलीत गेले, दार लावलं. नवऱ्याने ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि आम्ही दोघं दाराबाहेर पेपर वाचायचं नाटक करत बसलो. आतून एकदा बूट पडल्याचा आवाज आला, एकदा शिवी आली, एकदा बराच वेळ काहीच आलं नाही. नवरा उठला, तर मी त्याचा हात धरून खाली बसवला. दार उघडलं. गळ्याजवळचं सोडून सगळी बटणं लागलेली होती, जिथल्या तिथे, एकही घर न चुकता.  

मी त्यांच्याबरोबर गेले, भाजी आणायची आहे असं सांगून. अण्णा दर्शिनीच्या उंच टेबलाशी उभे होते. त्यांनी अप्पांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. टेलर माणूस, आधी कॉलर पाहिली, मग पट्टी, आणि पट्टीवर नजर थांबली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अण्णांनी बोट लावून एक काज चाचपलं, त्याचा तिरकेपणा पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ब्लाउज चेन्नागिदे." ब्लाउज छान झालाय.

अप्पांनी छाती पुढे काढली. "नम्म सोसे हाकिद्दु काजा." काजं आमच्या सुनेने घातलीत. मग त्यांनी विचारलं की तुझ्या सुनेला येतात का असली. अण्णा काउंटरवर गेले आणि बाय-टू घेऊन आले. दोघांनी पेले उचलले आणि लगेच माझ्या कॉलरीत दोष काढायला सुरुवात केली, आणि मी वांगी आणायला निघून गेले.

परत येताना अप्पा पुढे, मी पिशवी घेऊन अर्धं पाऊल मागे. रस्ता नेहमीसारखा खणून ठेवलेला. अप्पा एकदम थांबून म्हणाले, "गुंडी गे."

 बटण सुटलं वाटतं. मी पुढे होऊन त्यांच्या शर्टाकडे पाहिलं, वरून खालपर्यंत एकेक बटण पाहत गेले, आणि पाहता पाहता माझा पाय खड्ड्यात गेला. घोट्यापर्यंत चिखल. वांगी रस्त्यावर. अप्पांना आधी कळलंच नाही मी काय बघत होते. कळलं तेव्हा ते हसायला लागले, पूर्वीसारखे, सगळं पोट हलवून, थांबता थांबेनात. काठी बगलेत धरून त्यांनी मला वर यायला डावा हात पुढे केला. मी तो धरला, पण लगेच वर आले नाही. खड्ड्यात उभी राहून मी त्यांचा शर्ट बघत होते. एकही बटण सुटलं नाही.