पाणकर पाळीवर हजर नव्हता

महिन्यापूर्वी अर्जुनीच्या बाजारात माझ्या जुन्या गावचा एक शेतकरी भेटला. वांगी निवडता निवडता तो म्हणाला, "डोमाजी पाणकर गेला जी, मास्तर. तुमची आठवण काढे." ती चांगली आठवण असेल, असं मानायला माझं मन धजत नाही...

डोमाजी त्या गावच्या तलावाचा पाणकर होता. धानाच्या कोणत्या बांधीला किती पाणी द्यायचं, तलावाचं तोंड केव्हा उघडायचं, हे तोच पाही. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, त्याच्याच नजरेखाली असे. मी तिथे शाळामास्तर होतो. शाळेच्या वांग्यांसाठी एकदा चोरून पाटाला कुदळ लावली, तर हा मागे उभा. "मास्तर आहा, पोरायले शिकवा. पाण्याले नोका शिकवू," म्हणाला, आणि कुदळ घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी आपल्या परसातली वांगीही त्यानेच आणून दिली. आमची मैत्री अशी, भांडणातून जमलेली.

पाणी डोमाजी राखी, पण हुकूम गावच्या जमीनदाराचा, म्हणजे मालगुजारांचा. भरल्या तलावाचं तोंड उघडायचं तर त्यांनी स्वतः 'सोड' म्हणावं लागे. डोमाजीच्या बापानेही या शब्दावाचून कधी तोंडाला हात लावला नव्हता.

त्या श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दुपारी डोमाजी निथळत मालगुजारांच्या ओसरीवर आला. शाळेला सुट्टी दिली होती आणि मी तिथे त्यांची पत्रं लिहीत बसलो होतो. मालगुजार जेवून आत झोपले होते. "तरा गच्च भरला. पार पाझरून राहिली," डोमाजी म्हणाला. "मालकाले उठवा जी. 'सोड' मनाले पायजे, बाकी मी पायतो." झोपमोड केली तर मालगुजार काय बोलतील, याची मला धास्ती होती. शाळाही त्यांच्याच घराच्या पडवीत भरे. "थोडा दम धर, उठतीलच," मी म्हणालो. तो ओसरीच्या कडेला उकिडवा बसला. दोनदा उठला, दोनदा माझ्याकडे पाहून पुन्हा बसला. मग तलावाकडून आवाज आला...

पाळ फुटली. खालच्या टोल्यातलं, पाळीखालच्या वस्तीतलं, एक म्हातारं जोडपं वाहून गेलं, रोवलेल्या बांध्या रेतीखाली गेल्या. चिखल वाळायच्या आत ढकलाढकली सुरू झाली. भंडाऱ्याहून आलेल्या पुढाऱ्यांनी भाषणात सरकारला धारेवर धरलं. सरकारी साहेबांनी मालगुजारांकडे बोट दाखवलं. मालगुजारांच्या विरोधकांना तर आयतंच कोलीत मिळालं. शेवटी पंचनामा लिहायला माझं अक्षर चांगलं म्हणून मलाच बसवलं. मालगुजार शांतपणे म्हणाले, "लिहा मास्तर, पाणकर पाळीवर हजर नव्हता." मी लिहिलं. खोटं काय होतं त्यात? तो पाळीवर नव्हताच. त्या एका वाक्यावर सगळ्यांचंच भागलं. पुढाऱ्यांचंसुद्धा, कारण भाषण करून ते केव्हाच परतले होते.

डोमाजीचं पाणकरपण गेलं. टोल्यातल्या बायका त्याला पाहून तोंड फिरवत. आठ दिवसांनी तो शाळेच्या दारात आला. "मी पारीवर नोहतो, हे खरं जी," तो म्हणाला. "पण कोठं होतो, ते काऊन नाही लिवलं?" मी फळा पुसत राहिलो. पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

त्यानंतर माझी बदली होईपर्यंत, म्हणजे चार पावसाळे, त्याने एक नेम धरला. पाऊस लागला की सकाळी मुलांच्या हजेरीच्या वेळी तो दाराशी येई. मुलांची नावं संपली की म्हणे, "मी बी हजर आहो जी, मास्तर," आणि निघून जाई. मुलं हसत. एकदा मी चिडून विचारलं, "कशाला येतोस रोज?" तो म्हणाला, "तुमच्या कागदावर लागाचा आहो ना जी." तेव्हाही कागद काढता आला असता. वरच्या साहेबांना चार ओळी लिहिता आल्या असत्या. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही, आणि हे आज कबूल करण्यात काही मोठेपणा नाही.

आता इथल्या शाळेत हजेरी घेतो. शेवटचं नाव झालं की माझी नजर दाराकडे जाते आणि मी पट मिटत नाही. मुलं वाट पाहतात. काल तसाच उघड्या पटावर हात ठेवून बसलो आणि त्या दिवशी लिहायचं राहिलेलं मनाशी जुळवलं. ते इथे लिहितो: त्या दुपारी डोमाजी पाणकर मालगुजारांच्या ओसरीवर हजर होता. त्याला मी थांबवलं.