महाराज डब्यापाशी थांबले

कीर्तन अर्ध्यावर सोडून उठणारा माणूस माझ्या आईच्या मते कुठल्याच कामाचा नसतो. एकदा सप्ताहात मांडवाचा एक कोपरा खाली आला आणि निम्मं गाव बाहेर पळालं. आई अंगावर पडलेलं कापड बाजूला सारून तिथंच बसून राहिली. आरती झाली, प्रसाद हातावर पडला, मग ती उठली. ("मांडव पडला आसंल, महाराज कुठं थांबले व्हते?")

तर ही आई गोठ्यात घसरली आणि पाय मोडून बसली. डॉक्टरांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही म्हणून बजावलं. आई मार्गासनीला थोरल्या भावाकडे असते, मी भोरला एका पतसंस्थेत कारकून. भाऊ आणि वहिनी दिवसभर शेतात. मी भेटायला गेलो तेव्हा आई खाटेवर पडून छताकडे बघत होती. मी आयुष्यात तिला रिकामी बसलेली पाहिली नव्हती. मला ते बघवेना.

"सप्त्याला जायाचं राहिलं बघ," एवढंच ती म्हणाली.

मी तडक सप्त्याच्या मांडवाबाहेरच्या स्टॉलवर गेलो आणि महाराजांच्या कीर्तनांच्या डीव्हीडींचा संच घेतला. सीलबंद, ओरिजिनल, वर महाराजांचा हसरा फोटो. भावाकडे टीव्ही होता, प्लेअर होता. नव्हती ती वीज. लोडशेडिंगचे दिवस. दिवसा लाईट नसायची आणि ती यायची तेव्हा वहिनीच्या मालिकांची वेळ असायची. त्या वेळी वहिनीकडे रिमोट मागण्याची हिंमत आमच्या घराण्यात कुणाकडेच नाही.

"मी तुला कीर्तन मोबाईलवर घालून देतो," मी म्हणालो. इथंच मी गप्प बसायला हवं होतं.

ऑफिसात 'कॉम्प्युटर अडला की जाधवांना बोलवा' अशी माझी कीर्ती होती. (बोलावल्यावर मी तो बंद करून पुन्हा चालू करायचो. निम्म्या वेळा चालायचा.) घरी मुलांसाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. डिस्क घातली, आतल्या फायली उचलून मोबाईलच्या कार्डात टाकल्या. कार्ड भरलं. मोबाईल म्हणाला, ही फाईल चालत नाही. मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. तरी तो तेच म्हणाला.

मग कळलं की फाईल बदलून घ्यावी लागते आणि त्याचं सॉफ्टवेअर असतं. ते आणलं. एका कीर्तनाला अख्खी संध्याकाळ लागायची, आणि संपत आलं की भोरचीही लाईट जायची. पहिल्यांदा पुरं झालं तेव्हा महाराज इतके बारीक आणि उंच आले होते की आईने फोन करून विचारलं, "महाराज आजारी हायती का रं?" दुसऱ्या खेपेला महाराज धष्टपुष्ट आले, पण टाळ आधी वाजायचा आणि टाळकऱ्यांचे हात मागाहून हलायचे. आई म्हणाली, "त्यास्नी जरा नीट बसीव."

दर खेपेला मी चेलाडी फाट्यावर एसटी बदलून मार्गासनीला जायचो, कार्ड काढून आणायचो आणि पुन्हा बसायचो. डोळे तांबारले. बायको, सुनंदा, मागून येऊन बघायची.

"अहो, त्या खिडकीत काहीतरी लिहून येतंय. वाचता का ते?"

"सगळ्या खिडक्यांत तेच असतं," मी म्हणालो आणि ओके दाबलं.

शेवटी जमलं. महाराज मापात आले, टाळ हातांबरोबर वाजू लागला. मी सुरुवातीची काही मिनिटं पाहिली, समाधानाने चहा प्यायलो आणि चारही कीर्तनं भरलेलं कार्ड आईच्या मोबाईलमध्ये बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गर्दीच्या वेळेला फोन आला.

"विलास, डब्यात काय व्हतं रं?" आई.

"कसल्या डब्यात?"

"धाकटीच्या. सासू जाताना तिन्ही सुनांना एकेक डबा देती. थोरलीच्यात सोन्याचं डाग निघालं, मधलीच्यात जमिनीचं कागद. धाकटी झाकण उघडती आन् महाराज थांबलं ते थांबलंच. वर काय इंग्रजी आलंय."

त्या खिडकीत काय लिहिलं असावं ते आत्ता डोक्यात शिरलं. सॉफ्टवेअर फुकटचं होतं, आणि फुकटात ते कीर्तन अर्धंच करून देत होतं.

"आई, बंद कर. मी रविवारी येऊन बघतो."

"बंद कसं करू? हितं सगळ्या बाया बसल्यात. पारूआत्या हाय, माळावरच्या हायती. कीर्तन पुरं न्हाई तर आरती न्हाई, आरती न्हाई तर उठायचं कसं? धारा काढायच्या राहिल्यात. म्हशी वरडाया लागल्या."

फोनमधून मला खरंच म्हशी ऐकू येत होत्या. आमच्या शेजारची पारूआत्या मागून ओरडत होती, "त्येला म्हनावं लवकर सांग." समोर काउंटरवर रांग. मी घाम पुसला.

"सोन्याची पाटली होती," मी म्हणालो.

पलीकडून पारूआत्याचा आवाज आला. "पाटली? मंग थोरलीच्यात नि हिच्यात फरक काय राहिला? ह्येला काय कळत न्हाई."

"साहेब," रांगेतला पहिला माणूस म्हणाला, "नोटा म्हणून बघा."

फोन कट झाला. मागाहून कळलं ते असं. पारूआत्या स्वतः चार जावांत धाकटी. तिने फर्मावलं की डब्यात इंद्रायणी भाताचं बियाणं होतं. डाग मोडून झाले, जमीन भांडणात गेली, आणि धाकटीचं शेत मात्र दरसाल पिकलं. बायांनी माना हलवल्या, आरती झाली, साखरफुटाणे वाटले गेले, म्हशी मोकळ्या झाल्या.

बाकीची तिन्ही कीर्तनंही अर्धीच होती. मी ठरवलं, आता बस्स. नवं सॉफ्टवेअर मिळवलं आणि प्रत्येक खिडकी डिक्शनरी घेऊन वाचली. आईची आबाळ माझ्यामुळे होतेय ही टोचणी जेवताना घास गिळू देत नव्हती. रविवारी नव्या कार्डात पूर्ण कीर्तनं घेऊन, माफीचे पेढे घेऊन मी मार्गासनीला पोचलो. दारात चपलांचा ढीग. आत आई खाटेवर, प्लास्टरचा पाय लोडावर, भोवती बाया. आई हसत होती.

"आता पुरं ऐका," मी छाती काढून म्हणालो आणि कीर्तन लावलं.

सगळ्यांनी ऐकलं. महाराज डब्यापाशी आले. आणि थांबले नाहीत. धाकटीने झाकण उघडलं, तर डबा रिकामा. रिकामा डबा म्हणजे निर्मोही मन, असं महाराजांनी फार सुंदर समजावून सांगितलं. मला तर भरून आलं.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"रिकामा?" पारूआत्या म्हणाली. "मरस्तोवर सेवा धाकटीनं केली, आन् डबा रिकामा?"

"महाराज मोठं हायती," आई हळूच म्हणाली, "पर शेवट त्यास्नी जमला न्हाई. विलास, आमचं अर्धंच घाल रं परत."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. ती ठाम होती. लोडशेडिंगच्या दुपारी आता तिचं अंगण भरत होतं. अर्धं कीर्तन महाराज करत, उरलेलं बाया करत, आणि त्यात कोण कुणाची सून हे सगळ्यांना माहीत असल्याने शेवट रोज नवा निघत होता. मी माझी पूर्ण कीर्तनं मुकाट्याने नव्या कार्डातून पुसली आणि जुनं कार्ड परत बसवलं. एवढ्या संध्याकाळी मी नेमक्या कशासाठी घालवल्या, ते मला अजून सांगता येत नाही.

"बस, आलाच हाईस तर," पारूआत्या म्हणाली. दुसरं कीर्तन लागलं, आपल्या जागी बंद पडलं, आणि तिने पदर सावरला.

"तर मायबाप, एक व्हती म्हातारी. तिला ल्योक व्हता, लई शिकलेला. भोरला मोठ्या कचेरीत. आईचा पाय मोडला, तसा त्यो म्हनला, आई, म्या तुला घरबसल्या देव दावतो…"

इथं ती थांबली. साऱ्या बाया पदराआड हसत माझ्याकडे बघत होत्या. पुढचं कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. आरती झाली. आईने मी आणलेल्या पुड्यातून प्रसाद वाटायला घेतला. प्रत्येकीच्या हातावर एकेक अख्खा पेढा ठेवला. माझी पाळी आली तेव्हा पेढा मोडला, निम्मा पुड्यात परत ठेवला आणि निम्मा मला दिला.

"घे बाळा," ती म्हणाली. "तुझी पद्धत हीच हाय ना?"