मोहाच्या फांद्यांवरून गेलेली लाइन

ताबिशने एटापल्लीत घरोघरी इंटरनेट द्यायला सुरुवात केली, तेव्हा हिशेब सोपा होता. घराला घर लागून. एका खांबावरून दहा घरं जोडली जायची. मग मोठी कंपनी आली. तिने सहा महिने फुकट दिलं.

"ताबिशभाई, बुरा मत मानना," शेजारी म्हणाले.

त्याने वाईट वाटून घेतलं नाही. पण दुकानात एकेक राऊटर परत येऊन पडू लागला.

कंपनी जंगलात जाणार नव्हती. तिथे घरं दूर, गिऱ्हाईक थोडं. म्हणून ताबिश गेला. जंगलातल्या इरपागुडा गावातली वीसेक घरं हो म्हणाली. खांब मात्र परवडेनात; एका खांबाचा खर्च निघायला एका घराचं वर्षभराचं बिल लागलं असतं. वाटेच्या कडेने मोहाची जुनी झाडं उभी होती. त्यांच्याच फांद्यांवरून त्याने केबल ओढली. होतं नव्हतं ते तिच्यात घातलं. ही लाइन टिकली तरच दुकान टिकणार होतं.

तो पावसाळा होता. सगळं हिरवं. कोणी हरकत घेतली नाही. त्यानेही कोणाला विचारलं नाही.

मार्चमधल्या एका सकाळी तो लाइन बघायला आला. गावातली सोमारी आपल्या मोहाखाली पाचोळा लोटत होती. हातात काडेपेटी.

"बाई, हे काय करून राह्यल्या?"

"मोह पडते ना आता, भाऊ. पाचोळा जाळल्याबिगर फुलं वेचाले दिसतीन कशी?"

"सगळेच जाळतात?"

"ज्याचं त्याचं झाड. बिनमालकाचं एक तरी दाखवा."

ताबिशने वर पाहिलं. केबल कमी लागावी म्हणून त्याने ती खालच्या फांद्यांवरून ताणून बांधली होती. उचलायला ढील नव्हती.

"आठ दिवस थांबा ना, बाई."

"मी थांबीन. मोह थांबन काय?" ती हसली. "पावसाळ्यात इचारलं असतं, तं सांगतलं असतं. आमाले वाटलं, जळत नसन. सारे कंपनीची हाये म्हणत."

"कंपनीची नाई. माही हाये."

सोमारीचं हसू गेलं. तिने काडेपेटी कमरेला खोचली.

"मंग सोडून घ्या, भाऊ. तवरीक नाई पेटवत."

एका जागी कापली तर ताण सुटून तार उतरवता येते, पुन्हा जोडताही येते. झाडागणिक जळाली तर नुसते तुकडे उरतात. तो फांदीवर चढला. कटर लावताना क्षणभर थांबला. मग दाबला. इरपागुड्यातल्या प्रत्येक घरात आता राऊटरवर लाल दिवा लागला असणार.

सोमारी केबल गुंडाळू लागली. दोन झाडं झाली. तिसऱ्याकडे जाताना समोर धूर दिसला.

"पत्रूचं झाड," ती म्हणाली. तिने पत्रूला हाक मारली. झाडाखाली कोणी नव्हतं.

ताबिशने मागे वळून पाहिलं. एटापल्लीच्या बाजूलाही धूर चढत होता. एका ठिकाणी नव्हे. वारा सुटला होता. खांद्यावर होती तेवढीच केबल आता त्याची होती.