पन्नास मिनिटं लेट

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलंय. अंगात येणाऱ्या बाईला "ऊठ, नाटकं पुरे" म्हणणारी मी! त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... तरी लिहिते.

आमचं गाव जालना आणि परतूरच्या मधे. स्टेशन म्हणजे नुसतं हॉल्ट — बुटका फलाट, तिकिटाची खिडकी, लिंबाखाली सिमेंटचा बाक. परभणीकडे जाणारी पॅसेंजर पावणेअकराला येते, मिनिटभर थांबते. ती चुकली की फाट्यापर्यंत सात किलोमीटर तंगडतोड, अन् मग एस्टी येईल तेव्हा खरी. गाड्यांचं ॲप गावात पहिल्यांदा माझ्या फोनवर आलं, म्हणून सगळे मलाच विचारतात, "बाई, गाडी कुठवर आली?" बाई सांगतील ती वेळ बराबर, असा गावाचा भरवसा.

मागच्या पोळ्याच्या सुमारास माझ्या सुनेच्या, सविताच्या, वडलांचं जास्त झालं. सेलूहून तिच्या भावाचा फोन आला — लगेच ये. नेमके त्याच दिवशी माझ्याकडे बारा पाहुणे जेवायला. भाकरी कोण थापणार? मी फोन बघितला. गाडी वेळेवर होती.

"पन्नास मिनिटं लेट दाखवून राह्यलं," मी म्हणाले. "भाकरी टाकून जा."

तिने विश्वास ठेवला. अर्ध्या भाकरी झाल्या अन् भोंगा वाजला. पिठाच्या हातानं पळत सुटली बिचारी... फलाटावर पोचली तर शेवटचा डबा पुढं निघालेला. एस्टीनं सेलूला जाईपर्यंत वडील गेले होते. परत आल्यावर ती मला एका शब्दानं बोलली नाही. मला वाटलं, चला, मिटलं. हो, असंच वाटलं मला.

उन्हाळ्यात एका सकाळी जावयांचा फोन आला. "आई, सुनंदाला आयसीयूत ठेवलंय. तुमचंच नाव घेऊन राह्यली. जल्दी निघा."

सुनंदा माझी एकुलती लेक, परभणीला दिलेली. मी तासभर आधीच जाऊन बाकावर बसले. तिकीट मुठीत. पिशवी घेऊन सविता शेजारी. बाकाच्या टोकाला गाडीची वाट बघणाऱ्या दोघी बाया. ॲप उघडलं तर — पन्नास मिनिटं लेट.

"लेट हाय ग," मी म्हणाले.

टळटळीत ऊन. रूळ माझ्यापासून चार पावलांवर. लेकीची शपथ घेऊन सांगते, माझी पापणीसुद्धा लागली नाही. रुळावर काही म्हणजे काही आलं नाही. भोंगा नाही, खडखडाट नाही.

मग तिकीटवाला खिडकी लावता लावता म्हणाला, "अवो बाई, तुम्ही चढल्या न्हाई? गाडी तर गेली!"

"शुद्धीवर आहेस का?" मी खेकसले. पण बाकाच्या टोकाला बसलेल्या दोघी बाया तिथं नव्हत्या. सगळा फलाट रिकामा. फोनवर बघितलं — गाडी परतूरला पोचलेली. वेळेवर.

सविताकडे वळले. "तुला दिसली गाडी?"

"दिसली ना, आत्याबाई. तुमच्या म्होरंच थांबली."

"अन् मला सांगितलं न्हाईस? सटवे, माझी लेक तिकडं..."

"तुम्हीच म्हणल्या, लेट हाय." तिने पिशवी उचलली. "चला, भाकरी टाकायच्या हायेत."

कुणाची तरी जीप मिळवून परभणीला पोचले तेव्हा सुनंदाचं तोंड झाकलेलं होतं. जावई म्हणाले, शेवटपर्यंत दाराकडेच बघत होती.

लोक अजून विचारतात, "बाई, गाडी कुठवर आली?" मी फोन सविताच्या हातात देते.

डॉक्टरला दाखवून झालं. डोळे ठीक, कान ठीक, डोकंही ठीक म्हणे. अख्खी गाडी समोर थांबून मला का दिसली नाही, याचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. सविता गप्प का बसली, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नाही.